तीनदा उघडलेलं पान

देव माणसाशी बोलतो यावर माझा विश्वास आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून काही जण मला नास्तिक ठरवतील, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत तसं ठरवायला फार वेळ लागत नाही. माझी तक्रार देवाबद्दल नाहीच. ज्या माणसांशी देव नेहमी दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींविषयी बोलतो, त्यांच्याबद्दल आहे. इतकी वर्षं झाली, पण ती तक्रार अजून शिळी झालेली नाही.

ही गोष्ट १९३४ सालची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बेळगावला लागून असलेल्या वडगावात आमचं घर. घरात दोन माग होते. एकावर आई बसायची, दुसऱ्यावर माझा थोरला भाऊ सुबराव. मी दोन वर्षांची असताना आईवडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता. वडील पुढे लवकर गेले. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, बाकी सगळे हिंदू विणकर, पण साड्या सगळ्यांच्याच वेळेवर द्यायच्या असत, त्यामुळे धर्मावरून भांडायला कुणाला फुरसत नसे. मी मिशनच्या शाळेत व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपर्यंत शिकले आणि त्याच शाळेत लहान मुलींना शिकवू लागले.

त्या वर्षी मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला माझी निवड झाली. एक जूनला तिथं हजर व्हायचं होतं. सगळे कागद तयार होते, एकच राहिला होता: आमच्या मंडळीच्या पाळकाचं शिफारसपत्र. ही मुलगी चांगल्या चालीची आहे, हिला आमचा पाठिंबा आहे, एवढ्या दोन ओळी आणि खाली सही. आमचे पाळक म्हणजे रेव्हरंड तम्मण्णा. त्यांनी मला कडेवर घेऊन बाप्तिस्मा दिला होता, त्यामुळे सही मिळेल की नाही ही शंकाही माझ्या मनात आली नव्हती.

एप्रिलमधल्या एका रविवारी, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भक्ती संपत आली असताना, पाळकसाहेब वेदीपुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बंधुभगिनींनो, सात दिवस मी उपास आणि प्रार्थनेत घालवले. परमेश्वर माझ्याशी बोलला आहे. आपल्या मंडळीची कन्या कल्याणी हिने निपाणीचे उपदेशक ज्योतिबा यांची सहधर्मचारिणी व्हावं, त्यांच्या तीन लेकरांची आई व्हावं, अशी त्याची इच्छा आहे."

सगळं देऊळ वळून माझ्याकडे पाहू लागलं. पाठीमागून मंडळीतल्या म्हाताऱ्या अक्काताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. भिंतीपलीकडे कुणीतरी गाढव हाकत होतं, त्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्यानंतर थोडा वेळ मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

ज्योतिबा म्हणजे पाळकसाहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यांची बायको वारून आठ महिने झाले होते. माणूस कसा, बोलतो कसा, मला काहीच माहीत नव्हतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या माणसामुळे नाही. मी तिथंच बसले होते! बायकांच्या बाजूला, तिसऱ्या चटईवर, दर रविवारी बसते त्याच जागी. देवाला माझं नाव ठाऊक होतं, माझं लग्न कुणाशी व्हावं हे ठाऊक होतं, मग मी कुठे बसते तेवढंच नेमकं ठाऊक नव्हतं? निरोप माझा, आणि तो देऊन ठेवला तम्मण्णा पाळकांकडे?

भक्तीनंतर मी आवारात त्यांना गाठलं आणि शिफारसपत्र मागितलं.

"पोरी," ते अगदी मायेने म्हणाले, "देवाची इच्छा कळल्यावर मी त्याविरुद्ध कागदावर सही कशी करू?"

"तुम्हाला कळली. मला नाही कळली."

"तू शांत हो, म्हणजे तुलाही कळेल."

म्हणजे ऐकू आलं तर देव बोलला, आणि ऐकू नाही आलं तर माझंच डोकं तापलेलं. यावर माणसाने बोलायचं काय?

पाळकसाहेबांना असे निरोप यायची ही पहिली वेळ नव्हती. एका वर्षी कापणीच्या सणाला अक्काताईने आपली दुभती शेळी अर्पण करावी असं देवाने त्यांना सांगितलं. अक्काताईने मूग गिळून शेळी दिली आणि वर्षभर नातवाला कोरा चहा पाजला. मग एकदा देवळाच्या आवारातला फणस तोडावा असा निरोप आला. तो फणस मंडळीतल्या मारुतीरावांच्या वडिलांनी लावला होता, आणि मारुतीरावांचं आणि पाळकसाहेबांचं त्याच महिन्यात वाजलं होतं. झाड तोडलं. आता उन्हाळ्यात बायका लेकरं घेऊन भिंतीच्या सावलीत उभ्या राहतात. देवळात उभं राहून त्यांनी जेवढे निरोप सांगितले, त्यांतल्या एकातही देवाने त्यांना स्वतःला काही सोडायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि तरी माणूस वाईट नव्हता, हीच तर मोठी अडचण. मी लहान असताना पटकीची साथ आली, तेव्हा ज्या घरात नातेवाईक शिरत नव्हते तिथं हे गेले. प्रेतं उचलली, माणसं धुतली, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती कुठलाही भेद न करता. त्या दिवसांत देव त्यांच्याशी काय बोलला, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. नुसते जाऊन उभे राहिले. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यात देव खरा बोलला तो तेव्हा.

घरी सुबरावआण्णा आठवडाभर खाली मान घालून माग चालवत राहिला. तो भोळा. पाळकसाहेब त्याच्या डोळ्यांत देवाच्या खालोखाल. शेवटी जेवताना म्हणाला, "असं करू या. वचन काढू. वचन काय येतंय बघू, म्हंजे समद्यांचंच समाधान हुईल."

आमच्या मंडळीत ही पद्धत होती. जमीन घ्यायची, मुलाला शाळेत घालायचं, सोयरीक जुळवायची, काहीही असलं की पाळकसाहेबांना घरी बोलवायचं. ते प्रार्थना करून आपलं मोठं शास्त्र, म्हणजे बायबल, दोन तळव्यांत उभं धरायचे, डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि पानावर बोट ठेवायचे. बोटाखाली जे येईल ते देवाचं उत्तर. याला म्हणायचं वचन काढणं. मिशनच्या साहेबाला हे कळलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता, पण त्याला कळू द्यायचं नाही हीसुद्धा पद्धतच होती.

आई मात्र वचन काढण्याच्या नावाने नेहमी कपाळाला आठ्या घालायची. का, ते कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "काढू दे. मलाबी एकदा जवळनं बघायचं हाय."

ठरलं, येत्या शनिवारी दुपारी.

तो आठवडा मला फार वाईट गेला. रागावणं सोपं असतं. पण शाळेतून येऊन सुताच्या कांड्या भरायला बसलं, चरखा फिरायला लागला, की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: त्यांचं खरं असेल तर? मी हट्टाने देवाचाच निरोप झिडकारते आहे का? कारण मिरजेला जावं हे माझ्या मनात आलं तेव्हा मीसुद्धा हेच म्हटलं होतं ना, की देव मला काही सांगतो आहे? मग त्यांचा आवाज खोटा आणि माझा खरा, हे ठरवणार कोण?

माझ्याबाबतीत झालं होतं ते असं. शेजारची विनोदिनी माझ्याबरोबर शाळेत होती. सतराव्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणात गेली. दुपारची वेळ होती, गल्लीतले सगळे माग चालू होते. सुईण रक्त थांबवायचा प्रयत्न करत होती आणि मी कोपऱ्यात चिंध्या फाडून देत होते. दुसरं काय करायचं असतं हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तेव्हा कसलाही आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. उलट मला घेरी आली आणि मला उचलून बाहेर आणावं लागलं. पण त्यानंतर दोन वर्षं ती गोष्ट माझ्या मागून हटली नाही. मी ती बाजूला सारायची आणि ती परत येऊन बसायची. रक्त पाहिलं की माझे हातपाय गळतात, हे काम माझं नव्हे, असं मी देवाला किती वेळा सांगितलं असेल. त्याने वादच घातला नाही. ती गोष्ट तेवढी तिथंच राहिली.

हा देवाचा आवाज होता का? छातीवर हात ठेवून सांगता येईना. आणि पाळकसाहेबांना तर सात दिवसांत छातीवर हात ठेवून सांगता आलं! याचा मला जास्तच संताप यायचा.

शनिवारी दुपारी घर भरलं. पाळकसाहेब आले, अक्काताई आली, मंडळीतली आणखी चारदोन वडीलधारी माणसं आली. ज्योतिबा निपाणीहून सर्व्हिस मोटारीने आले होते. उंच, खांदे पडलेला माणूस. तो दाराजवळच बसला आणि सबंध वेळ आपल्या टोपीकडे पाहत राहिला. आईने माग थांबवला, पण ती मागाच्या खड्ड्यातून उठली नाही. तिथंच, पाय खाली सोडून बसून राहिली.

प्रार्थना लांबली. मग पाळकसाहेबांनी शास्त्र हातात घेतलं. काळ्या चामड्याचं, जाडजूड. त्यांच्या पाळकपदाच्या दीक्षेच्या दिवशी त्यांना भेट मिळालेलं. तळव्यांत उभं धरलं, डोळे मिटले, हात अलग केले. पुस्तक उघडलं. बोट टेकलं.

ते वाचू लागले आणि त्यांचा आवाज भरून आला. एका म्हाताऱ्या कुलप्रमुखाने मुलासाठी बायको शोधायला चाकर पाठवला, चाकराला विहिरीवर मुलगी भेटली, तिने त्याच्या उंटांनाही पाणी पाजलं, ती गोष्ट. बोट टेकलं होतं ते चाकर मुलीच्या घरी येतो त्या जागी. सगळं ऐकून मुलीचा भाऊ म्हणतो, की हे तर देवाकडूनच आलेलं आहे, आम्ही यावर बरंवाईट काय बोलणार.

सुबरावआण्णाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भाऊच म्हनतोय बघा," तो हात जोडून म्हणाला. "भावाच्याच तोंडात घातलंय देवानं. मग मी कोन मधी येनारा?"

सगळे आमेन म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझाही धीर सुटला. एवढ्या मोठ्या पुस्तकात नेमकं हेच पान? संपलं, असं मला वाटलं.

"पाळकसाहेब," खड्ड्यातून आई म्हणाली, "आनि एकदा काढा."

"बायाक्का, देवाची परीक्षा पाहू नये."

"परीक्षा न्हवं. हितनं मला नीट दिसलं न्हाय."

पाळकसाहेबांना आता भीती कशाची? त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उभं धरलं, डोळे मिटून हात अलग केले. तेच पान. खोलीत कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

"आता अक्काताईच्या हातात द्या," आई म्हणाली.

अक्काताईने पुस्तक घेतलं. तिला अक्षरही वाचता येत नव्हतं. तिने हात अलग केले. पुन्हा तेच पान, तीच विहीर, तेच उंट.

अक्काताई रडायलाच लागली. एकाने गीत सुरू केलं. पाळकसाहेबांचा चेहरा मी पाहिला. त्यांच्या गालावरून आसवं वाहत होती. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं, लबाड माणसाला माफ करणं मला जमतं. पण या माणसाचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि त्या विश्वासापायी तो माझं आयुष्य उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवायला निघाला होता.

आई खड्ड्यातून वर आली. पदराला हात पुसले. "जरा बघू," म्हणाली आणि अक्काताईच्या मांडीवरचं पुस्तक तिने ओढून घेतलं. तिलाही वाचता येत नव्हतं. ती वाचायला गेलीच नाही. तिने पान दोन्हीकडे दाबून धरलं आणि मधल्या घडीत, जिथं पानं शिवलेली असतात तिथं, अंगठा वरून खाली फिरवला. तुटलेला दोरा शोधायला ती ताण्यावरून हात फिरवायची तसा.

"हितला दोरा तुटलाय," ती म्हणाली.

गीत थांबलं.

"शिवन उसवलीया. खळ बी सुटलीया. ह्ये पुस्तक कुनीबी उघडलं तर हितंच उघडनार, पाळकसाहेब. म्हशीनं उघडलं तरी."

"बायाक्का!"

"ऐका तर खरं. माझं म्हायेर संकेश्वरच्या पल्याड. आमच्या गावात देवीला कौल लावायचे. गुरव मूर्तीच्या दोनी खांद्यांवर पान्यानं कळ्या चिकटवायचा. उजवी कळी पडली तर देवी व्हय म्हनती, डावी पडली तर न्हाय म्हनती. मी बारकी पोर, फुलं घिऊन जायची आनि म्होरंच बसायची. आमच्या देवीनं कुनाला कंदी व्हय म्हटलंच न्हाय बघा. हीर खनू का? न्हाय. पोरीला हितं देऊ का? न्हाय. समदा गाव म्हनायचा, देवी लई कडक. माझ्या आत्याची दोन लग्नं मोडली त्या कौलापायी, बिनलग्नाचीच मेली ती. आनि खरं काय हुतं? गुरवाचा डावा हात अधू हुता. त्या हातानं लावलेली कळी घट बसायचीच न्हाय. तीच दर बारीला आधी पडायची. गुरव काय लबाड न्हवता. त्याला सोताला बी ठावं न्हवतं."

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही पवित्र शास्त्राची आणि दगडाच्या मूर्तीची बरोबरी करता?"

"न्हाय ओ," आई म्हणाली. "तुमची आनि त्या गुरवाची."

कुणी हसलं नाही. पण अक्काताईने डोळे पुसले आणि काहीतरी आठवल्यासारखं करून हळूच म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नात बी ह्येच वाचलासा. उंटांचं. मारुतीरावाच्या पोराच्या बी. समद्याच लग्नात तुमी ह्येच वाचता की ओ."

वर्षानुवर्षं, प्रत्येक लग्नात, तेच पान उघडून, दाबून, हाताने सरळ करून. देवाचा आवाज म्हणून जे तीनदा आलं, ती पाळकसाहेबांच्या स्वतःच्या हाताची सवय होती. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते पुस्तकाच्या त्या घडीकडे पाहत होते.

मला तिथं थांबता आलं असतं. पण मी थांबले नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

"पाळकसाहेब, तेच पान पुढे वाचा," मी म्हटलं.

"पुढे?"

"जिथं तुम्ही बोट ठेवलंत त्याच्या चार बोटं खाली. मुलीच्या भावाने तर सगळं देवावर सोपवून दिलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चाकर तिला न्यायला घाई करतो, तेव्हा घरची माणसं काय म्हणतात?"

त्यांनी आईच्या हातातून पुस्तक घेतलं, पण वाचलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी किती वेळा ते वाचलं असेल. मग मीच सांगितलं, आईला कळावं म्हणून साध्या शब्दांत. "आई, ती माणसं म्हणतात, पोरीला बोलवा, तिच्याच तोंडून ऐकू. तिला बोलावतात आणि विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती जाते म्हणाली म्हणून गेली. उंट होते, सोनं होतं, देवाची खूण होती, तरी तिला विचारलं. मला अजून कुणी विचारलेलं नाही. दोन आठवडे झाले. देवळात सांगितलं, आवारात सांगितलं, आज घरात तीनदा पुस्तक उघडलं. विचारलं कुणीच नाही!"

माझा आवाज फाटला होता. सुबरावआण्णा मान खाली घालून बसला होता.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी हळू म्हणाले, "कल्याणी, ज्योतिबांच्या घरी जायला तू तयार आहेस का?"

"नाही."

मग दाराजवळून, ज्याच्याकडे आम्ही कुणी पाहतही नव्हतो तिथून, आवाज आला.

"मलाबी कुनी इचारलं न्हाय," ज्योतिबा म्हणाले. ते टोपीकडेच पाहत होते. "ती जाऊन आठ म्हयनं झालं. धाकटी अजून तिचं लुगडं उशाला घिऊन झोपती. मला दुसरं लगीन करायचंच न्हाय. पर दाजी म्हनले, देवानं सांगिटलंय. म्हून आलतो."

माझा सगळा राग एकदम जागच्या जागी उभा राहिला. दोन आठवडे या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. मीही त्याला विचारलं नव्हतंच.

पाळकसाहेबांनी पुस्तक फडक्यात गुंडाळलं आणि चहा न घेताच ते निघून गेले. सही मिळाली नाही ती नाहीच.

सगळे गेल्यावर आई परत मागावर बसली. चार हात विणून झाल्यावर धोटा थांबवून म्हणाली, "आता तुझं सांग. मिरजेचं देवानं सांगिटलं, का तुझ्या मनानं?"

मला पुन्हा राग आला. "आई, आता तूसुद्धा?"

"मग काय? त्यांचा दोरा तपासला, तुझा नको व्हय? हितनं सुटायचं हाय म्हून देवाचं नाव घेत न्हाईस न्हवं?"

वडगावातून सुटायचं होतं का मला? थोडंसं होतंच. "ठाऊक नाही गं," मी शेवटी म्हटलं. "एवढंच ठाऊक आहे, की मला भीती वाटते आणि तरी ते जात नाही. आणि त्यात मला दुसऱ्या कुणाला काही करायला लावायचं नाही. जायचं ते मलाच."

आईने धोटा पुन्हा हातात घेतला. "मग जा," म्हणाली. "चुकलं तर परत ये. माग कुठं पळून जातोय?"

देवाच्या नावाने मला कुणी मोकळं सोडलं असेल, तर ते असं. चुकायचीसुद्धा परवानगी देऊन.

मेच्या शेवटच्या दिवशी मी शिफारसपत्राशिवायच निघाले. मिरजेला जाऊन हात जोडायचे, परत पाठवलं तर परत यायचं, असं ठरवलं होतं. बेळगाव स्टेशनवर आई आणि सुबरावआण्णा आले होते. गाडी उभी होती. मी बायकांच्या डब्यात चढून खिडकीशी बसले, तेव्हा फलाटावरून तम्मण्णा पाळक येताना दिसले. उन्हाने घामाघूम झालेले. मी तोंड फिरवलं. माझा राग तेवढा स्वस्त नव्हता.

त्यांनी खिडकीतून एक लिफाफा माझ्या मांडीवर ठेवला. आत दोन ओळी होत्या आणि खाली सही.

"प्रार्थना करू?" ते म्हणाले.

मी होकाराची मान हलवली. नाही कसं म्हणणार, आई शेजारीच उभी होती.

त्यांनी नेहमीसारखा हात वर केला, डोळे मिटले. "परमेश्वर म्हणतो..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते थबकले. हात खाली आला. डोळे उघडून माझ्याकडे पाहत, एखाद्या अनोळखी माणसाला वाट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू?"

मी अजून रागातच होते. पण त्यांनी विचारलं होतं, म्हणून खरं तेच सांगितलं.

"माझं चुकत असेल तर मला वेळेवर कळावं, एवढं मागा."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. गार्डाने शिट्टी दिली, गाडीला हिसका बसला, डबे हलले. आई चालत चालत खिडकीबरोबर आली आणि मग मागे राहिली. पाळकसाहेब मात्र तिथंच उभे होते, डोळे मिटून, ओठ न हलवता. फलाट संपेपर्यंत मी पाहत होते. ते काहीच बोलत नव्हते.